बावीस पावलांच्या पुलावर बहिणींची भेट होणेबाबत

दिनांक : २४ नोव्हेंबर २०२५

प्रति,
मा. सचिव साहेब,
सीमाभाग बससेवा समन्वय समिती (सातारा व सांगली जिल्हे),
मलकापूर, ता. कऱ्हाड.

अर्जदार : जोतिबा केशव शेवाळे, वय ७९, निवृत्त हवालदार (ड्रायव्हर), रा. सावरखिंड, जि. सातारा.

विषय : ओढ्यावरच्या पुलाच्या सातारा तोंडाला एक व सांगली तोंडाला एक अशा दोन गाड्या एकाच दिवशी, एकाच वेळी थांबून त्यांची दारं उघडणेबाबत.

संदर्भ : १) माझा दि. ६ जानेवारी २०२५ चा अर्ज.
२) त्या अर्जावर आपल्या कार्यालयानं मारलेला लाल शाईतला एका शब्दाचा शेरा.
३) आपल्या कार्यालयातल्या संयोगिता मॅडम यांच्याशी दि. १३ ऑक्टोबर रोजी समक्ष झालेलं बोलणं.

साहेब, रामराम.

अर्ज जरा लांबलाय. नात प्रांजल म्हणत होती, आजोबा एका पानात बसवा. पण एका पानातला अर्ज मी मागं दिला होता. त्याचं काय झालं ते खाली येईलच.

१. माझी बायको तानुबाई, वय ७६. तिची थोरली बहीण रंगुबाई, वय ८१, राहणार पिंपळदरा, जिल्हा सांगली. माहेरचं म्हणावं असं आता या दोघींना एकमेकींशिवाय कुणी उरलेलं नाही. आमच्या सावरखिंडीपासून पिंपळदरा दहा किलोमीटर. मधी ओढा, ओढ्यावर पूल, आणि पुलाच्या बरोबर मध्यावर जिल्ह्याची हद्द. आमच्याकडून पूल चार किलोमीटर, त्यांच्याकडून सहा. पूर्वी मलकापुरातून शिराळ्याला जाणारी गाडी या पुलावरून जायची. तानुबाई दर पौर्णिमेला सकाळच्या गाडीनं बहिणीकडं जायची आणि संध्याकाळच्या गाडीनं परत यायची. लॉकडाऊनला गाडी बंद झाली. लॉकडाऊन उठलं, गाडी उठली नाही. आता साताऱ्याकडची गाडी सावरखिंडीत येऊन वळते आणि सांगलीकडची पिंपळदऱ्यात येऊन वळते. मधले दहा किलोमीटर कुठल्याच जिल्ह्यात नाहीत, असा आमचा अनुभव आहे.

२. आपण म्हणाल, दहा किलोमीटरला गाडी कशाला पाहिजे, मोटरसायकलवर न्या. गाडी बंद झाल्यावर दोन वर्षं तसंच नेलं. मग तीन वर्षांमागं तानुबाई गोठ्यात घसरली. खुब्यात रॉड आहे, मोटरसायकलवर टांग टाकता येत नाही. शिटावर भाडं घेऊन माणसं भरणारी वडापची जीप हद्दीपलीकडं जात नाही, कारण पलीकडच्या वडापवाल्यांशी तसं ठरलंय. (दोन्ही जिल्ह्यांनी मिळून पाळलेला एवढा एकच करार माझ्या बघण्यात आहे.) मग एकदा भाड्यानं बोलेरो केली. दुसऱ्याच वळणाला उलट्या सुरू झाल्या, आणि बहिणीकडं जायचं ते सरळ दवाखान्यात जाऊन सलाईनवर पडली. बंद मोटारीत तिचं डोकं फिरतं. लाल गाडीत दाराशेजारच्या शिटावर वाऱ्याला बसली की पार जोतिबाच्या डोंगरापर्यंत जाऊन येते, काही होत नाही. रंगुबाईंचीही खोड तीच. बहिणीच त्या.

फोनवर बोलायचं म्हटलं तर रंगुबाईंना दहा वर्षांपासून ऐकू येत नाही. त्यांचा मुलगा धुळा यानं एकदा मोबाईलवर व्हिडिओ लावून दिला. डोळ्याला मोतीबिंदू. बराच वेळ मोबाईलकडं बघून त्या म्हणाल्या, "कोण रं ही म्हातारी? बंद कर टीव्ही, बॅटरी जाईल." तानुबाई इकडून सगळं ऐकत होती. त्यानंतर तिनं मोबाईल हातात घेतलेला नाही.

थोडक्यात, दोघी तीन वर्षं भेटलेल्या नाहीत. एकदा आठ फुटांवर आल्या होत्या, ते पुढच्या कलमात लिहितो.

३. आमच्या बाजूचे नेते म्हणजे माजी जिल्हा परिषद सदस्य जयराजभाऊ. पलीकडच्या बाजूचे माजी जिल्हा परिषद सदस्य वर्धमानअण्णा. दोघेही कामाचे आहेत, आणि बससेवेवर दोघांचं सारखंच प्रेम आहे. अडचण तिथंच झाली. गेल्या वर्षी दोघांनी एकाच आठवड्यात पुलावरची गाडी मनावर घेतली. भाऊंचं म्हणणं, साताऱ्याची गाडी तिकडं जावी. अण्णांचं म्हणणं, सांगलीची गाडी इकडं यावी. शेवटी तोडगा निघाला की दोन्ही गाड्या पुलावर याव्यात, दोघांनी मिळून मधोमध फीत कापावी, आणि प्रथम प्रवासी म्हणून दोन्ही गाड्यांत एकेक ज्येष्ठ महिला बसवावी. आमच्या गाडीत तानुबाई, तिकडच्या गाडीत रंगुबाई. कार्यकर्ते म्हणाले, साडीचोळी देऊ. तानुबाई म्हणाली, "साडी ऱ्हाऊ द्या. तिच्याजवळ नेऊन बसवा म्हंजे झालं."

दसऱ्यानंतरचा मंगळवार होता. फीत बरोबर हद्दीवरच पाहिजे, म्हणून दोन्ही गाड्या तोंडाला तोंड लावून पुलावर घातल्या. पूल अरुंद. गाडीचं दार बाहेरच्या बाजूला उघडतं. ते कठड्याला अडलं, चार बोटंसुद्धा उघडलं नाही. दोन्ही म्हाताऱ्या आत, आणि नेते बाहेर, कारण ते आपापल्या मोटारीतून आले होते. मागं संकटकाळी बाहेर पडायची खिडकी होती, पण खुब्यात रॉड असलेल्या बाईला खिडकीतून काढायचं म्हणजे नवीन संकट. एक गाडी दहा-बारा हात मागं घेतली असती तरी काम झालं असतं. भाऊंचे कार्यकर्ते म्हणाले, "सातारची गाडी मागं जात नसती." अण्णांचे म्हणाले, "मग आमी काय रिव्हर्स घ्यायला आलोय व्हय गड्या? आदी तुमची घ्या." दोन्ही ड्रायव्हर बिचारे इंजिन बंद करून तंबाखू मळत बसले. मी फौजेत सव्वीस वर्षं ट्रक चालवला. बर्फात, दरीच्या काठावर, कितीदा मागं घेतला असेल. रिव्हर्स घेण्यात कमीपणा असतो हे मला त्या दिवशी कळलं.

असा एक तास चाळीस मिनिटं गेली. मधी आठ फूट. त्यात हार घातलेल्या दोन काचा, एक फीत आणि दोन नेते. रंगुबाईंना मोबाईलवर जी ओळखू आली नव्हती ती काचेतून ओळखू आली. ऐकू येत नसल्यामुळं त्यांनी पहिल्यापासून हातानंच बोलायला सुरुवात केली. तानुबाईही हातानं उत्तरं देऊ लागली. एकदा दोघी हसल्या. एकदा तानुबाईनं पदर डोळ्याला लावला. काय बोललीस म्हणून मी नंतर विचारलं, तर म्हणाली, "तुमाला काय करायचंय? आमच्या आईचं हुतं." तेवढा वेळ बससेवा चालू होती असं आपल्या दप्तरी नोंदवायला माझी हरकत नाही.

मग दोन्ही नेत्यांच्या खिशातले फोन एकदम वाजले. विधानसभेची आचारसंहिता लागली. तीन मिनिटांत पूल मोकळा. फीत गुंडाळली, हार उतरवले, आणि दोन्ही गाड्या एकाच वेळी मागं गेल्या. मान कुणाचाच गेला नाही. रंगुबाई काचेवर हात टेकवून बसल्या होत्या, गाडी वळेपर्यंत तो तसाच दिसत होता.

४. निवडणूक झाल्यावर दोन्ही गावांत फ्लेक्स लागले. 'दोन जिल्ह्यांतील बहिणींची भेट घडवणारे' असं वर लिहून आमच्याकडं भाऊंचा फोटो, तिकडं अण्णांचा. खाली तानुबाई आणि रंगुबाई हातात हात घेऊन. कॉम्प्युटरवर जोडलेला फोटो. तानुबाई फ्लेक्ससमोर बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "त्वांड तिचंच हाय. पर ह्यो हात कुना दुसऱ्याच बाईचा लावलाय. आक्काला बांगड्या कवा एवढ्या आवडत हुत्या?"

तो फ्लेक्स पुढं वाऱ्यानं फाटला. आता आमच्या गोठ्याच्या छपरावर आहे. तिनं तो छापील बाजू आत करून घालून घेतलाय. धार काढायला तीच स्टुलावर बसते.

फ्लेक्सचा दुसरा परिणाम असा झाला की गाडीची मागणी करायला गेलो तर आपल्या समितीचं उत्तर आलं : 'सदर सेवेचा शुभारंभ झालेला असल्याने ती सुरू आहे, सबब मागणीचा प्रश्न उद्भवत नाही.' मी लिहून कळवलं की गाडी येत नाही. उत्तर आलं की येत नसली तरी सुरू आहे.

५. म्हणून मी मागणी कमी केली. गाडी नको, नुसता थांबा द्या. आहेत त्याच दोन गाड्यांनी आठवड्यातून एकदा पुलापर्यंत यावं, पुलाच्या अलीकडं-पलीकडं उभं राहावं आणि वळून जावं. बाकीचं आम्ही बघू. दि. ६ जानेवारीचा माझा एक पानी अर्ज तोच. विषय होता, 'पुलाजवळ विनंती थांबा मिळणेबाबत'.

फेब्रुवारीत तो अर्ज मला पोस्टानं परत आला. कोपऱ्यात लाल शाईनं एकच शब्द. 'थांबा.' खाली सही.

साहेब, मी फौजेतला माणूस. ताफ्यात पुढच्यानं हात वर केला की थांबायचं, कशासाठी ते विचारायचं नाही. मी थांबलो. तानुबाईला सांगितलं, साहेबांनी थांबायला सांगितलंय. ती म्हणाली, "मग थांबू की. सायेब इचार करत आसतील." मार्च गेला, एप्रिल गेला. आखाडात रंगुबाई आजारी पडल्या तेव्हा तिनं विचारलं, "आजून थांबायचं हाय?" मी म्हटलं, आदेश आहे. नागपंचमीला शिराळ्याकडं जाणाऱ्या जादा गाड्या सोडल्याचं ऐकलं तेव्हा तिनं परत विचारलं. मी जरा खेकसलोच.

आठ महिने थांबून दि. १३ ऑक्टोबरला मी आपल्या कार्यालयात आलो. संयोगिता मॅडमनी फाईल काढली, अर्ज बघितला, आणि कपाळाला हात लावला. म्हणाल्या, "आवं बाबा, हा थांबा म्हंजे थांबा न्हवं!"

मी म्हटलं, मग काय?

"थांबा म्हंजे थांबा! बस थांबा! साहेबांनी मंजूर केला होता तुमचा. तुमी मागितला थांबा, त्यांनी लिहिलं थांबा. हा कागद घेऊन दोन्ही आगारांत दाखवायचा होता. आन् तुमी आठ महिने थांबलासा?"

मंजुरीची मुदत सहा महिने. ती ऑगस्टमध्ये संपली. मॅडमनी मला पाणी दिलं. त्यांचा दोष नाही. साहेबांचाही नाही, शब्द बरोबर होता. वाचणारा चुकला.

६. इथं एक खासगी विनंती आहे. वर लिहिलेलं मी तानुबाईला सांगितलेलं नाही. तिला अजून वाटतं की साहेब विचार करतायत. घरी आलेलं पत्र प्रांजल आजीला मोठ्यानं वाचून दाखवते. म्हणून या अर्जाला उत्तर द्याल त्यात 'पूर्वीची मुदत संपली' एवढंच लिहावं. मंजूर झालं होतं हे लिहू नये. कुणी काय वाचलं तेही लिहू नये. हा अर्ज मी प्रांजलकडून न लिहिता स्वतः लिहितोय त्याचं कारण तेच. अक्षराबद्दल माफी असावी.

७. नेतेमंडळींवर माझा राग नाही. त्यांच्या मनात आलं तर गाडी चालेल, हे मी त्या मंगळवारी डोळ्यांनी बघितलंय. एका आठवड्यात दोन गाड्या पुलावर आल्या. आमच्यासारख्याला हे दहा वर्षांत जमलं नसतं. फक्त गाडी आणणं आणि गाडी चालवणं यात फरक आहे, तो समितीनं त्यांच्या कानावर घालावा. शुभारंभ करूच नये असं म्हणत नाही. गाडी सहा महिने चालल्यावर करावा, लोक आपणहून हार घेऊन येतील. दोघांनी महिन्यातून एकदा कुणाला न कळवता गाडीनं प्रवास करावा. मोटार मागून यायला नको. उभं राहायला लागलं तर उभं राहावं. रस्त्याकडंच्या बाभळी छाटायला गाडीवाले येत नाहीत, ते काम ग्रामपंचायतीचं. सरपंचांना भाऊंनी एक फोन केला तर दोन दिवसांत होईल. काचा फुटायचं भ्या गेलं की ड्रायव्हर पुढं यायला कुरकुर करत नाहीत. ड्रायव्हर-कंडक्टरला रात्रीच्या मुक्कामाला एक स्वच्छ खोली आणि पाणी द्यावं, म्हणजे सकाळची पहिली गाडी गावातूनच सुटेल. सभेला माणसं न्यायची असतील तर वडाप आहे की, गावाची गाडी काढून नेऊ नये. आणि सगळ्यात मोठं म्हणजे दोघांनी एकदा समोरासमोर बसावं. गाडीच्या पाटीवर अलीकडं कोणतं नाव, पलीकडं कोणतं, कुणाची गाडी मागं घ्यायची, सगळं कागदावर ठरवावं. हद्दीच्या पलीकडचा माणूस आपला मतदार नाही, हे खरं. पण त्याची बहीण असते.

८. आता मूळ मुद्दा. पुलाची लांबी तानुबाईच्या पावलांनी बावीस. जानेवारीत अर्ज दिला तेव्हाच मी अंगणात बावीस पावलांवर चुन्याची रेघ मारली आणि सकाळ-संध्याकाळ सराव सुरू केला. तेव्हा ती काठी घेऊन बावीसच्या बावीस जायची आणि वर मला म्हणायची, "आक्काला न्हाई जमलं तर म्या पार पलीकडं जाईन." नागपंचमीला सोळा झाली. आज नऊ होतात. दहाव्याला बसावं लागतं, आणि बसली की मग बराच वेळ उठवत नाही. धुळा तिकडं आपल्या आईचा असाच सराव घेतो. पावसाळ्याआधी त्यांची पंधरा व्हायची, आता सात होतात.

नऊ आणि सात सोळा. सहा कमी पडतात.

गाडी तीन-तीन पावलं पुढं घ्यावी तर पुलावर दार उघडत नाही. उचलून न्यायला माणसं आहेत. धुळा एकटा आईला उचलेल, इकडं माझे पुतणे आहेत. खुर्चीत बसवून नेऊ म्हटलं. तर तानुबाई म्हणते, "चौघांनी उचलल्याली मी तिकडनं दिसले, तर आक्काला काय वाटंल? ऐकायला तर येत न्हाई तिला. कोन सांगणार की मी जित्ती हाय?" यावर आपल्याकडं उत्तर असल्यास कळवावं.

९. जिल्हा परिषदेची आचारसंहिता केव्हाही लागेल. तरी विनंती की ती लागायच्या आत, वार कुठलाही, वेळ कुठलीही, दोन्ही गाड्या एकदाच पुलाच्या दोन्ही तोंडांना आणाव्यात. कायमचा थांबा नंतर बघू. फीत नको, साडी नको. दारं उघडून फक्त अर्धा तास उभ्या कराव्यात. फोटो काढायचा असेल तर काढू द्यावा, या वेळी जोडावा लागणार नाही.

आणि पुलावर दोन लोखंडी बाकडी द्यावीत. भाऊ आणि अण्णा गावोगाव देतात तसली, पाठीवर नाव लिहिलेली चालतील. एक आमच्या बाजूनं नवव्या पावलावर, एक तिकडून सातव्या पावलावर. दोघी आपापल्या बाकड्यावर बसतील, लागेल तेवढा दम घेतील, मधली सहा पावलं त्यांची त्या बघतील. मात्र बाकडी बसवणाऱ्यांना एक सूचना जरूर द्यावी. बाकड्यांचे पाय सिमेंटात पक्के करू नयेत. उशीर झाला तर दर महिन्याला ती आपापल्या गाडीकडं सरकवावी लागतील.

आपल्या उत्तराच्या वाटेकडं डोळे लावून,

(सही)
जोतिबा केशव शेवाळे
निवृत्त हवालदार
मु. पो. सावरखिंड, जि. सातारा

सोबत :
१) तानुबाईच्या खुब्याबाबत डॉक्टरांचा दाखला.
२) लाल शेऱ्याच्या अर्जाची झेरॉक्स.
३) पुलाचा नकाशा, पावलांसह. (पेन्सिलीनं काढला आहे.)